मासवणच्या मास्तरांची बहीण

दांडी, २० नोव्हेंबर १९६५

तीर्थरूप दादांच्या सेवेशी मैनाचा नमस्कार.

हे पत्र बघून तुम्हाला बरं वाटणार नाही, ठाऊक आहे. लग्नानंतर मासवणला येऊ नकोस म्हणालात. तरी एकदा आले आणि दारातून परत गेले. पत्र कधीच लिहिलं नाही. आता लिहिते, कारण विचारण्यासारखं दुसरं माणूस नाही.

गेल्या वर्षापासून आम्ही इथे दांडीत राहतो, तानीबाई नावाच्या कोळणीच्या घरातल्या एका खोलीत. खंडेराव अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर आहेत. सुगंधा सहा वर्षांची झाली, पहिलीत जाते. लढाई थांबल्यावर कामावरच्या सगळ्यांकडून नवे फॉर्म भरून घेतले. बायकोच्या जन्मगावाच्या रकान्यात खंडेरावांनी सरळ 'कराची' लिहिलं आणि पुढे 'सन १९४७ मध्ये चुलतभावाबरोबर भारतात आली'. त्यांना तेवढंच माहीत होतं. तसं सांगायला तुम्हीच मला लावलं होतंत.

बारा तारखेला दुपारी एक जमादार कागद घेऊन दारात आला. खंडेराव जेवत होते. जमादाराने उभ्यानेच वाचलं. मैनाबाई चंद्रभान, कराचीहून बोटीने मुंबईला उतरली मार्च १९५४, पाकिस्तानी पासपोर्ट, तीन महिन्यांचा व्हिसा, परत गेल्याची नोंद नाही. खंडेरावांचा घास हातातच राहिला. चोपन्न साल त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. हात धुऊन ते किनाऱ्याकडे निघून गेले. त्यानंतर त्यांनी मला त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचा पास काढून घेतला. माझा निकाल लागेपर्यंत काम बंद.

मला तेरा डिसेंबरला ठाण्याला कलेक्टर कचेरीत बोलावलं आहे. पासपोर्ट आणि पुरावे घेऊन हजर राहायचं. नाही राहिले तर देश सोडण्याचा हुकूम निघेल, असं नोटिशीत आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, माझा पासपोर्ट. मी उतरले त्या आठवड्यात व्हिसा वाढवून आणतो म्हणून तुम्ही तो घेतलात आणि मग हरवला म्हणालात. पुन्हा शोधून बघा. दुसरी, एक प्रतिज्ञापत्र, की मी तुमची सख्खी बहीण आहे. चुलत नव्हे, सख्खी. चुलत सांगायचं कशासाठी, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. व्हिसाच्या भीतीने असेल, असं समजून मी गप्प राहिले.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर द्या.

मैना


दांडी, ६ डिसेंबर १९६५

तीर्थरूप दादांस,

सोजरावहिनींच्या हातचं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत. 'पासपोर्ट नाही. यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. आम्हाला यात ओढू नका. कोणी विचारलंच तर चुलत बहीण असंच सांगा.' खाली तुमची सहीसुद्धा नाही.

एक गोष्ट गेल्या पत्रात लिहिली नव्हती. जमादाराने त्याच दिवशी माझा जबाब घेतला. सख्खं कोण आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव, गाव, शाळा, सगळं सांगून टाकलं. म्हणजे मी तुम्हाला आधीच ओढलेलं आहे. पत्रातून नुसती परवानगी मागत होते.

आणखी एक. गेल्या गुरुवारी मी मासवणला आले होते. नदीच्या बाजूने चालत शाळेसमोर येऊन थांबले. आत मुलं एकोणतीसचा पाढा म्हणत होती. तुम्ही ओसरीवर आलात, मला पाहिलंत, आणि आत जाऊन माझ्या बाजूची खिडकी लावून घेतलीत. तुमचे केस पांढरे झालेत. सदतिसाव्या वर्षी इतके कसे पिकले, असं वाटलं. मग मी परत फिरले.

सुगंधा चाळीस दिवसांची असतानाही मी अशीच आले होते. तुम्ही उंबऱ्यातच अडवलंत. म्हणालात, "आज शाळा तपासायला साहेब यायचेत, आज नको." मी म्हटलं, नुसती बघा तरी. तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात. त्या वेळी मला वाटलं, खंडेराव आपल्यातले नाहीत म्हणून राग असेल. आता वाटतं, ते कारण नव्हतं. तुम्हाला कशाची तरी भीती आहे आणि ती माझीच आहे. कशाची, तेवढं एकदा सांगा.

तानीबाईने काल विचारलं, "तुला पल्याड धाडतील म्हनतात. तिथं तुजा हाय कोन?"

मी म्हटलं, कोणी नाही. आमचे वडील, नाना, गेले आणि तिथली खोलीही गेली.

"मग बोटीतनं उतरून कुनाच्या दारात जाशील?"

तिने माझ्या पुढ्यात भाताचं ताट सरकवलं आणि सुगंधाला घेऊन ओट्यावर गेली.

तेरा तारखेला मी एकटीच जाते आहे. खंडेराव येतो म्हणाले नाहीत.

मैना


दांडी, १४ डिसेंबर १९६५

दादा,

काल जाऊन आले. साडेदहाला गेले, दोन वाजता आत बोलावलं. साहेब वयस्कर आहेत, आवाज चढवत नाहीत. बसा म्हणाले. आधी त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तुमचे पती जन्माने भारतीय. मुलगी इथे जन्मली, तीही जन्माने भारतीय, तिला कसलाच कागद लागत नाही. तुम्ही मात्र परक्या देशाचा पासपोर्ट घेऊन आलात, तेव्हा कायद्याने परक्या. पण भारतीय माणसाची बायको म्हणून नोंदणीने नागरिक होण्यासाठी तुम्हाला अर्ज करता येतो. फक्त तुम्ही कोण, केव्हा, कशा आलात, हे सिद्ध झालं पाहिजे.

मला धीर आला. मग त्यांनी दुसरी फाईल उघडली.

"मारुती चंद्रभान, प्राथमिक शिक्षक, मासवण. हे तुमचे कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"हो. सख्खे."

"यांनी एकोणपन्नास साली नोकरीच्या वेळी लिहून दिलेलं आहे," ते म्हणाले, आणि बोट फिरवत वाचू लागले. "आई, वडील आणि बहीण मैना, वय वर्षे बारा, तिघेही सन १९४७ च्या दंगलीत कराची येथे मृत्यू पावले. पाकिस्तानात माझे कोणीही नातेवाईक नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "बाई, मैना तर मेली. मग तुम्ही कोण?"

आई विषमज्वराने गेली, एकेचाळीस साली. तुमच्याच मांडीवर तिचं डोकं होतं. नाना चोपन्नच्या जानेवारीत गेले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा बंदरावर क्रेन चालवायला जात होते. आणि मी सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात तुम्हाला कराची बंदरात केमाडीच्या धक्क्यावर पोचवायला आले होते. "दिवाळीला तुला नेतो," असं तुम्ही मला म्हणालात. ती दिवाळी गेली, पुढच्या सहा गेल्या. मी दर दिवाळीला नानांना विचारायची. तुम्ही आम्हाला मारून टाकलंय, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

साहेबांना मी काय उत्तर दिलं, ते आज लिहिवत नाही. पुढची तारीख सतरा जानेवारी आहे.

मैना


दांडी, २ जानेवारी १९६६

दादा,

तुम्ही, तुम्हाला, असं लिहिणं आता जमत नाही. लहानपणी म्हणत होते तसंच म्हणते.

साहेबांनी मला नीट वेळ दिला होता. म्हणाले, "दोनांपैकी एकच खरं असणार. एक तर या मास्तरांनी सरकारला खोटं लिहून दिलं, नाहीतर तुम्ही मैना नाही. विचार करून सांगा." मी विचार केला. पहिलं खरं म्हटलं की तुझी नोकरी जाते. तुझ्या घरी वहिनी आहेत, दोन मुलं आहेत. दुसरं खरं म्हटलं तर मी कोणीच नाही.

मी म्हटलं, "साहेब, चूक झाली. मासवणचे मास्तर माझे कोणी नव्हेत. नाव सारखं निघालं म्हणून घोटाळा झाला. माझा भाऊ सत्तेचाळीसला इकडे यायला निघाला, तो पोचलाच नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. मी सही केली.

हे सगळं तुझ्यावरच्या मायेने केलं असं समजू नकोस. सही केली ती रागाने. तू मला मारलंस, तर घे, मीही तुला मारलं, असं काहीतरी मनात होतं. मायाही असेल. मला वेगळं काढून दाखवता येत नाही.

घरी येऊन खंडेरावांना सांगितलं. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली आम्ही उभे होतो. महिनाभरात ते पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले.

"चोपन्न साल मला का नाही सांगितलंस?"

"दादाने शपथ घातली होती."

"आणि आज त्याच दादाला वाचवून आलीस."

"हो."

"मला आणि पोरीला कोण वाचवणार?"

ते ओरडले असते तर मीही काही बोलले असते. ते हळू बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून एडवणला गेले. आमचं लग्न लावलं त्या गुरुजींना शोधून काढलं आणि लग्न कोणत्या दिवशी, कोणत्या देवळात, कोणासमोर लागलं, ते त्यांच्याकडून लिहून आणलं. आणखी दोघांच्या सह्या आणल्या. संध्याकाळी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सतराला मी येतो."

पण त्या कागदाने मी त्यांची बायको ठरते. मैना ठरत नाही. पासपोर्ट नाही, ओळख पटवणारं माणूस नाही, आणि पहिल्या जबाबाशी दुसरा जुळत नाही. साहेब म्हणाले, सतरापर्यंत दुसरा पुरावा आला नाही तर माझा इलाज नाही. मग व्हिसा संपल्यावर राहिल्याचा खटला, आणि नंतर हुकूम.

हे पत्र मागण्यासाठी नाही. कळवण्यासाठी आहे. तुझ्याकडे कोणी चौकशीला आलं तर तूही तेच सांग, या बाईला मी ओळखत नाही. मागची पत्रं ठेवली असतील तर चुलीत घाल. हेही.

मैना


दांडी, १५ जानेवारी १९६६

दादा,

परवा तारीख आहे. ताश्कंदला समझोता झाला, आता सगळं निवळेल, असं कामावरची माणसं खंडेरावांना सांगतात. माझी फाईल त्याआधीची आहे.

या आठवड्यात सुगंधाला स्वतःची वेणी घालायला शिकवली. मागचे केस तिच्या हाताला येत नाहीत, म्हणून दोन वेण्या पुढे घेऊन घालते. आज सकाळी तिने एकटीने घातल्या. वाकड्या झाल्या, पण सुटल्या नाहीत. असं का शिकवतेस, असं तिने विचारलं नाही. तानीबाईने मात्र बघितलं आणि तोंड फिरवलं.

तिला कोणी हात लावू शकत नाही, असं साहेब म्हणाले होते. ती या मातीत जन्मली, तेवढं पुरे आहे. मला पाठवलं तर ती इथेच राहील. तिला माझ्यामागे पाठवायचं नाही, असं मी खंडेरावांकडून कबूल करून घेतलं आहे. आठवी-नववीत गेली की मुलीला बाईमाणूस लागतं. त्या वेळी वहिनींनी वर्षातून एकदा येऊन जावं. कोण म्हणून आलात, ते काहीही सांगा. चुलत चालेल.

मैना


दांडी, १९ जानेवारी १९६६

दादा,

परवा कचेरीतून तू जिन्याने खाली गेलास तो परत आला नाहीस. मी चार वाजता बाहेर आले तेव्हा बाकावर खंडेरावच होते. म्हणून तू गेल्यावर काय झालं ते लिहिते.

पण आधी सकाळचं. आम्ही पोचलो तर तू बाकावर बसलेला. मला वाटलं तुलाही नोटीस आली. मी खंडेरावांना म्हटलं, ओळख दाखवू नका. तूच उठून आलास. "मैना, पासपोर्ट आणलाय," एवढंच म्हणालास. पिशवीतून काढलास, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "दोनदा चुलीपाशी नेला. आत तुझा फोटो आहे. जाळवला नाही."

मी विचारलं, "एकोणपन्नासला असं का लिहिलंस?"

तू माझ्याकडे न बघता सांगितलंस. कल्याणच्या निर्वासितांच्या कॅम्पात तू पहिले दहा-अकरा महिने तापाने पडून होतास. उठलास तोवर इकडे यायला परवाना लागायला लागला होता. मास्तरकीच्या अर्जासाठी रांगेत उभा राहिलास, तर पुढच्या माणसाला विचारलं, तिकडे कोण आहे? तो म्हणाला, वडील आहेत, तिकडच्या सरकारी नोकरीत. त्याचा अर्ज बाजूला ठेवला गेला. मग तुझा नंबर आला. "मला वाटलं, नोकरी लागली की दुरुस्त करीन," तू म्हणालास. "मग तू आलीस. मेलेली बहीण घरात कशी ठेवायची, ते मला कळेना." तू आधीच आत चिठ्ठी पाठवली होतीस. इतक्यात शिपायाने तुझं नाव पुकारलं.

तू अर्धा तास आत होतास. बाहेर आलास आणि थांबला नाहीस.

मग मला बोलावलं. टेबलावर पासपोर्ट उघडा होता. फोटोतल्या मुलीकडे आणि माझ्याकडे साहेब आळीपाळीने बघत होते. म्हणाले, "त्यांनी एकोणपन्नासमध्ये खोटं सांगितलं, तुम्ही गेल्या महिन्यात. आज दोघांनी खरं सांगितलंय, असं धरू का?"

मी हो म्हटलं. माझा तेरा डिसेंबरचा जबाब त्यांनी रद्द करून नवा घेतला. खोट्या जबाबाबद्दल लेखी समज दिली, ती फाईलला लागली. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते माझ्या हातात नाही. मला त्यांच्या खात्याला कळवावं लागेल. त्यांना मी तसं सांगितलं होतं, तोंड उघडण्याच्या आधीच."

म्हणजे तू हे जाणून बोललास.

शेवटी अर्ज लिहून घेताना ते सहज म्हणाले, "तुम्ही एकोणीस जुलै अठ्ठेचाळीसच्या आधी आला असतात ना बाई, तर यातलं काहीच लागलं नसतं. तुम्ही आपोआप नागरिक झाला असतात." सत्तेचाळीसची दिवाळी त्याच्या कितीतरी आधी होती. हे तुला कळवू की नको, यावर काल दिवसभर विचार केला. कळवते. तुला दुखवायचं म्हणून नाही. अठरा वर्षं आपण दोघंही एकमेकांना अर्धंच सांगत आलो, तेवढं आता बंद करायचं म्हणून.

खटला चालवणार नाहीत. अर्ज वर पाठवला आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली आणि आज खंडेरावांचा पास परत आला.

घरी पोचलास का, ते कळव.

मैना


दांडी, १२ ऑक्टोबर १९६६

प्रिय दादा,

तू उत्तर लिहीत नाहीस, पण वहिनी लिहितात. फेब्रुवारीत तुला निलंबित केलं, तू घरी मुलांचे अभ्यास घेतोस, संध्याकाळी नदीवर जाऊन बसतोस, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. जूनमध्ये त्या इथे येऊन चार दिवस राहिल्या. कोण म्हणून आलात, असं तानीबाईने विचारल्यावर म्हणाल्या, "भावजय. सख्खी." तानीबाई म्हणाली, "मग येवढे दिस कुठं होतीस?" वहिनींना हसू आलं, मग रडू आलं.

सोमवारी माझी शपथ झाली. आम्ही पाच जण होतो. एक म्हातारे वसईचे, एक भाऊ-बहीण उल्हासनगरचे, एक माझ्यासारखीच लग्न होऊन राहिलेली. साहेबांनी छापील कागद दिला. भारताच्या संविधानाशी निष्ठा राखीन, कायदे पाळीन, नागरिक म्हणून माझी कर्तव्यं पार पाडीन, असं मोठ्याने वाचायचं होतं. मी अडखळले नाही. पासपोर्ट त्यांच्याकडे जमा झाला. दाखल्यावर माझं पूर्ण नाव आहे, जन्मगाव कराची, वडिलांचं नाव चंद्रभान. खंडेरावांनी तो गाडीत तीनदा काढून वाचला. सुगंधाने विचारलं, तिला असा दाखला कधी मिळणार. मी म्हटलं, तुला नाही मिळणार, तुला लागत नाही. तिला ते फारसं आवडलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. वहिनींनी कळवलं की सात नोव्हेंबरला पालघरला तुझी चौकशी आहे, आणि 'बचावाचे साक्षीदार' या रकान्यात तू 'कोणी नाही' असं लिहून दिलंयस. ते बदलून घे. मुदत पंचवीसपर्यंत आहे, मी कचेरीत जाऊन विचारून आले. माझं नाव घाल.

मी सांगेन की एकोणपन्नासला तू एकवीस वर्षांचा होतास, तापातून उठलेला, एकटा. या वर्षी सतरा जानेवारीला तुला कोणी बोलावलं नव्हतं, तू आपल्या पायाने आलास, आणि परिणाम काय होईल हे सांगितल्यावरही बोललास. पण त्यांनी बाकीचं विचारलं तर तेही सांगेन. सात वर्षं मला नेलं नाहीस, नंतर खोटं नातं सांगायला लावलंस, पासपोर्ट लपवलास. यातलं काही मी झाकणार नाही. त्याने तुझी नोकरी वाचेल की जाईल, मला ठाऊक नाही. गेली तर इथे कामगारांच्या मुलांसाठी शिकवणीला मास्तर हवाच आहे. खंडेरावांनी दोन-चार जणांजवळ विषय काढून ठेवला आहे.

सातला सकाळी बोईसरहून निघते. दहाच्या आत पालघरला पोचते. तू कचेरीच्या दारात थांब, आत आपण बरोबर जाऊ. ते पहिल्यांदा मला विचारतील, तुमचं यांच्याशी नातं काय. या वेळी माझं उत्तर बदलणार नाही.

तुझी बहीण,
मैना